छोकरांनी नेमकं काय मिळवलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

निवडणूक सुधारणांसाठी लढणाऱ्या ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’ (एडीआर) या संस्थेचे एक संस्थापक जगदीप छोकर यांच्यावरच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘याचिका केल्या, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रं वेबसाइटवर टाकली, तरी गुन्हेगार निवडून येतातच. प्रतिज्ञापत्रं खोटी असतात आणि ती वाचतं कोण? मग एवढा मान कशासाठी?’

निवडून येण्याबद्दल तुमचं खरं आहे. गुन्हे नोंद असलेले लोकसभेचे खासदार २००९ मध्ये १६२ होते, २०२४ मध्ये २५१. पण ही मोजणी करता येते, तीच मुळी एडीआरच्या खटल्यामुळे. त्याआधी प्रलंबित खटले आणि मालमत्ता जाहीर करायची उमेदवारावर सक्तीच नव्हती.

ही सक्ती सहजासहजी आली नाही. १९९९ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. पुढाकार त्रिलोचन शास्त्रींचा होता, छोकर सुरुवातीपासून सोबत होते. २००० मध्ये निकाल बाजूने लागला, तर केंद्र सरकार अपिलात गेलं. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयानेही उमेदवाराची ही माहिती मिळण्याचा मतदाराचा हक्क मान्य केला. तेव्हा सगळे पक्ष एक झाले आणि अध्यादेश आणून, पुढे लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३ब कलम घालून तो निकाल बोथट करण्यात आला. १३ मार्च २००३ ला न्यायालयाने ते कलम रद्द केलं. रेल्वेत अभियंता, मग व्यवस्थापनाचा प्राध्यापक असलेल्या छोकरांनी साठीत कायद्याची पदवी घेतली, ती हे काम डोळ्यांसमोर असल्यावर नवलाची वाटत नाही.

आता ‘वाचतं कोण’. नमुना २६, म्हणजे उमेदवाराचं हे प्रतिज्ञापत्र, नीट वाचायला अर्धा तास पुरतो, फक्त कुठे फसगत होते ते माहीत हवं. नुसती गुन्ह्यांची संख्या बघू नका. जमावबंदी मोडून आंदोलन केल्याचा गुन्हाही त्यात धरला जातो. कलम कोणतं, दोषारोप निश्चित झालेत का आणि कधी, हे रकाने बघा. एडीआर गंभीर गुन्हे वेगळे मोजते, पाच वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेचे किंवा अजामीनपात्र वगैरे. तसे गुन्हे असलेले खासदार २००९ मध्ये ७६ होते, २०२४ मध्ये १७०. खरी चिंता या आकड्याची आहे.

मालमत्तेत सगळ्यात मोठी चूक होते ती ‘पाच वर्षांत तिप्पट’ अशा मथळ्यांत. स्थावर मालमत्तेपुढे खरेदीची किंमत आणि आजचा बाजारभाव असे दोन्ही आकडे असतात. मागच्या निवडणुकीचं प्रतिज्ञापत्र शेजारी ठेवून गट नंबर आणि क्षेत्रफळ जुळवा. जमीन तीच असेल तर वाढला तो भाव. नवा गट नंबर दिसला, तर मात्र पाच वर्षांच्या आयकर विवरणातलं उत्पन्न बघायचं आणि पुढचा प्रश्न विचारायचा. जोडीदार आणि अवलंबितांचे रकाने सोडू नका. एकाच उमेदवाराचे चारपर्यंत अर्ज असू शकतात, म्हणून कोणत्या अर्जाची प्रत हातात आहे तेही तपासा. स्कॅन इतकं धूसर असतं की काही प्रतिज्ञापत्रं एडीआरलाही विश्लेषणातून वगळावी लागतात.

खोटेपणाचा तुमचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. रकाना कोरा ठेवून चालत नाही, हे २०१३ मध्ये न्यायालयाने ठरवलं, पण भरलेली माहिती खरी आहे का हे निवडणूक निर्णय अधिकारी पडताळत नाही. खोट्या माहितीला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५अ खाली शिक्षा जास्तीत जास्त सहा महिने, किंवा नुसता दंड. ही तूट कायद्याची आहे. ती छोकरांच्या पदरात घालू नका.

आणि निवडणूक रोखे, म्हणजे देणगीदाराचं नाव गुप्त ठेवून पक्षांना देणगी द्यायची सोय, विसरू नका. १५ फेब्रुवारी २०२४ ला एडीआर आणि इतरांच्या याचिकांवर योजना रद्द झाली. १४ मार्चला निवडणूक आयोगाने वेबसाइटवर दोन याद्या टाकल्या, एक रोखे घेणाऱ्यांची, दुसरी वटवणाऱ्या पक्षांची. कोणी कोणाला दिले ते मात्र कळेना, कारण दोन्हींत समान दुवा नव्हता. न्यायालयाने पुन्हा बजावल्यावर स्टेट बँकेने प्रत्येक रोख्याचा क्रमांक दिला आणि २१ मार्चपासून कोणालाही घरबसल्या जोड्या लावता येऊ लागल्या.

एक काम राहिलं. सहा राष्ट्रीय पक्ष माहिती अधिकाराखाली येतात, असा आदेश केंद्रीय माहिती आयोगाने ३ जून २०१३ ला दिला होता. पक्षांनी तो पाळला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये छोकर गेले, तेव्हाही तो तसाच पडून होता.