गाडी आधी घ्या, हप्त्याचं मागून बघू

गाडी घ्यायची ठरली की एक पथ्य पाळा. आपली कमाई आणि गाडीची किंमत हे दोन आकडे एका कागदावर कधीही लिहू नका. लिहिले की माणूस घाबरतो, आणि घाबरलेल्या माणसाला शोरूममधला पोरगा चहा विचारत नाही.

काही शहाणे सांगतात की २० टक्के रोख भरा, कर्ज ४ वर्षांत फेडा आणि गाडीचा सगळा खर्च कमाईच्या १० टक्क्यांत बसवा. हा नियम काढणाऱ्याला सोयरे नसावेत. भाऊकी तर नसणारच. आपल्याकडे बजेट काढायची रीत सोपी आहे. समोरच्या दारात कोणती गाडी उभी आहे ते बघायचं, तिच्यावर दोन लाख चढवायचे, झालं बजेट. त्या समोरच्यानंही असंच कुणाच्या तरी दाराकडं बघून घेतलेली असते, त्यामुळं चूक व्हायचा प्रश्नच येत नाही.

कुणी खोडा घालायला लागलं तर त्याला इतिहास सांगा. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत लोकांनी एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या. साधारण ६५ कोटींचा व्यवहार. एकगठ्ठा घेतल्या म्हणून घासाघीस करून सवलतही पदरात पाडली. त्या गाड्यांना कर्ज मिळालं ७ टक्क्यांनी, आणि त्याच काळात ट्रॅक्टर घेणाऱ्याला याहून बराच चढा दर पडत होता. बरोबरच आहे. ट्रॅक्टर शेतात जातो, तिथं त्याला कोण बघतं? आता, मर्सिडीजवाल्यांचे कारखाने होते, बांधकामं होती, दवाखाने होते, आणि आपलं सोयाबीन आहे, एवढा किरकोळ फरक तेवढा सोडून द्या.

सोयाबीनचाच विषय निघाला म्हणून सांगतो. १० लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी ५ वर्षांसाठी घेतलं तर हप्ता बसतो २१ हजार. ७ वर्षांचं केलं की तोच १६ हजार ३४४ वर येतो. महिन्याला साडेचार हजारांच्या वर सुटले! व्याज १ लाख १२ हजारांनी वाढतं, पण ते एकदम कुठं द्यायचंय, गुपचूप द्यायचंय. या हप्त्याचं सोयाबीन करायला गेलं तर ४,२०० च्या भावानं महिन्याला चार क्विंटलला थोडं कमी. वर्षाला ४७ क्विंटलच्या आसपास. एकरी ८ क्विंटल धरले तर सहा एकरांचा सगळा माल, आणि तोही खत, बियाणं, फवारणी, मळणी फुकटात झाली असं धरून. बाकीच्या रानात घर चालवायचं. २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता, त्या भावानं हिशोब जरा बरा दिसतो. पण हमीभाव पेपरात असतो आणि पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, आडतीवर होते. शिवाय पीक वर्षातून एकदा येतं नि हप्ता बारा वेळा, हे गाडी घेताना आठवू नये म्हणून तर शोरूममध्ये एसी लावलेला असतो.

व्याजाचा दर विचारायचाच असेल तर असा विचारा की उत्तर गोड यावं. 'फक्त ७ टक्के फ्लॅट, दादा,' असं कुणी म्हणालं की लगेच सही करा. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण रकमेवर. १० लाखांवर ५ वर्षांत साडेतीन लाख व्याज. घटत्या शिलकीवर मोजलं तर हाच दर साडेबारा टक्के पडतो. पण साडेबारा हा काय गाडी घ्यायच्या दिवशी ऐकायचा आकडा आहे?

आणि शोरूमची किंमत म्हणजे नुसती पत्रिकेवरची तारीख, लग्नाचा खर्च पुढं असतो. १२ लाखांची डिझेल गाडी घेतली की वाहन कर १४ टक्के, म्हणजे १ लाख ६८ हजार. त्यात विमा. त्यात पसंतीचा नंबर, कारण ८०५५ लिहून 'बॉस' वाचता आलं नाही तर गाडी घेतली कशाला? मग सीट कव्हर, काळ्या काचा, आणि त्या काळ्या काचांचा दंड.

डिलिव्हरीचा दिवस मात्र चुकवू नका. साडूच्या गाडीला मी लातूरला गेलो होतो. गाडीवर लाल मखमली कापड, साडूच्या हातात हातभर लांबीची पुठ्ठ्याची किल्ली, फोटो. खरी किल्ली अजून फायनान्सवाल्याच्या टेबलावर, एक सही राहिली होती. नारळ फुटला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली. तीन फुटली, चौथं चाकाखालून सटकून शोरूमच्या पायरीखाली गेलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. साडू म्हणाला, 'काही होत नाही वो, विमा काढलाय.' शंभर पावलांवर पंप होता. तिथवर जाईल एवढंच डिझेल टाकीत होतं. साडूनं खिसा चाचपला आणि माझ्याकडं बघितलं. त्या ऐतिहासिक गाडीतलं पहिलं पाचशेचं डिझेल माझं आहे, हे मी अजून पाहुण्यांत सांगतो.

एखादा हप्ता चुकला तर मनावर घेऊ नका. बँक दंड लावते, सिबिल खाली येतं, ९० दिवस गेले की खातं थकीत म्हणून बुडीताच्या रांगेत बसतं. पुढच्या वेळी दुसऱ्या कुठल्या कर्जाला गेलात तर साहेब संगणकात बघून नुसती मान हलवतो. पण वसुलीवाल्यानं सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे सातनंतर चौकात गाडी मिरवायला तुम्ही मोकळे.

राहिली विक्री. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांत गाडीची किंमत निम्मी धरतात. तुमचं कर्ज सात वर्षांचं, म्हणजे शेवटची दोन वर्षं अर्ध्या गाडीचे हप्ते तुम्ही पूर्ण गाडीच्या इमानानं भरता. ८४ वा हप्ता गेला की आरसीवरचं बँकेचं नाव उतरवायला आरटीओत जायचं असतं. एवढा उन्हातान्हाचा हेलपाटा कशाला? त्याआधीच एक्सचेंजवाल्याचा फोन येतो. नव्या गाडीला सनरूफ आहे. मराठवाड्यात मे महिन्यात छत उघडून वर बघायची सोय आपल्या पूर्वजांना नव्हती.

बायको माहेरी एसटीनं जाते. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि गाडी काढायची तर डिझेल लागतं. मीही मागून एसटीनंच गेलो, माझं पूर्ण तिकीट. गाडी दारात ताडपत्रीखाली होती. फाट्यावर उतरलो तर पारावर मामा बसलेले.

'काय जावईबापू, गाडी कुठंय?'

'सर्व्हिसिंगला टाकलीय, मामा.'

मामांनी तंबाखू मळली, चिमूट तोंडात टाकली.

'मागच्या टायमालाबी सर्व्हिसिंगलाच व्हती की वो.'