ऑइल काळे पडले म्हणून बदलायचे?
माझ्या गाडीच्या पुस्तिकेत इंजिन ऑइल 10,000 किलोमीटर किंवा 1 वर्ष, यांपैकी जे आधी होईल तेव्हा बदलावे, असे स्पष्ट छापलेले असताना प्रत्येक गॅरेजवाला 3,000 चाच हट्ट का धरतो? डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बाहेर काढायची, फडक्यावरचा काळा डाग नाकासमोर नाचवायचा आणि इंजिन बसेल अशी भीती घालायची! अहो, काजळी आणि मळ स्वतःत धरून ठेवणे हेच त्या ऑइलमधल्या डिटर्जंटचे काम आहे, मग ते काळे पडणार नाही तर काय होणार? ऑइलची पातळी डिपस्टिकवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का, हे मात्र कोणीच पाहत नाही. दुसरीकडे आमचे शेजारी, गाडी फारशी चाललीच नाही म्हणून तीन वर्षे तेच ऑइल ठेवतात. वर्षाची अट त्यांनी वाचलेलीच नाही!