लीजच्या गाडीला मोठे टायर टाकून किलोमीटर वाचत नाहीत

गेले काही दिवस एक मेसेज फिरतोय, मला एकट्याला तो तिघांनी पाठवलाय. त्यात म्हटलंय की गाडी लीजवर असेल तर टायर बदलताना ओरिजिनल साइजच्या मागे लागू नका, रिम 16 ची असेल तर 16 चा कुठलाही टायर बसतो, 3 टक्के फरक चालतोच, उलट थोडा मोठा टायर टाकला की मीटर कमी पळतं आणि लीजचे किलोमीटर (करारात ठरवून दिलेली मर्यादा, ती ओलांडली की जादा पैसे) वाचतात, आणि गाडी परत देताना फक्त टायर किती झिजलाय तेवढंच बघतात. मला हे वाचून काळजी वाटली कारण लोक खरंच असं करतायत, माझ्या चुलतभावाने केलं होतं.

आधी ते रिमचं बघू. समजा टायरवर 205/55 आर16 91व्ही लिहिलंय. यातला 16 हा फक्त रिमचा व्यास, इंचात. 205 म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, आणि 55 म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या 55 टक्के. आता रिमलाही स्वतःची रुंदी असते, 6.5 जे (म्हणजे साडेसहा इंच) वगैरे तिच्यावरच लिहिलेलं असतं, आणि प्रत्येक टायर साइजला किती ते किती रुंदीची रिम चालते हे टायर कंपनीने ठरवून दिलेलं असतं. त्या हद्दीबाहेरचा टायर मशीनवर चढेलही, हवाही भरली जाईल, पण बाजू फुगलेली नाहीतर ताणलेली राहते आणि वळणावर गाडी हलल्यासारखी वाटते. चढला म्हणजे बसला असं नसतं.

3 टक्क्यांचं म्हणाल तर ते अगदीच खोटं नाहीये, हे मान्य करतो. टायरवाले हा अंदाज खरंच वापरतात. पण तो एकूण व्यासापुरता आहे, आणि लोक हिशोब न करताच तो वापरतात. 205/55 आर16 चा व्यास येतो साधारण 632 मिमी. त्याच्याजागी 205/60 टाकला तर 652, म्हणजे 3 टक्क्यांच्या वरच गेलात की, आणि दुकानात मात्र "फक्त पाचाचा फरक आहे" असं सांगतात. 225/50 टाकला तर व्यास जवळपास तोच राहतो, पण टायर 20 मिमी रुंद झाला, आता तो आत सस्पेंशनला किंवा मडगार्डच्या प्लॅस्टिकला घासतो का हे कोण बघणार? चुलतभावाच्या गाडीत स्टिअरिंग पूर्ण वळवून मी टॉर्च मारून बघितलं तर आतल्या काळ्या प्लॅस्टिकवर बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा पडलेला, घासून घासून. त्याला आवाज येत होता तो बेअरिंगचा वाटत होता बिचाऱ्याला.

शिवाय शेवटचा तो 91व्ही. 91 म्हणजे एका टायरने 615 किलो पेलायचे, व्ही म्हणजे ताशी 240 किमीपर्यंतचा टायर. साइज बदलताना हा आकडा नकळत खाली येऊ शकतो, 88 झाला की 560 किलो, एका टायरमागे 55 किलो गेले. पाच माणसं आणि सामान भरून निघता तेव्हा तो फरक टायरलाच सोसावा लागतो. व्यास 3 टक्क्यांत बसला म्हणून यातलं काहीच आपोआप बरोबर होत नाही.

आता किलोमीटर वाचवायची गोष्ट, जी सगळ्यात जास्त शेअर होते. गणित खरं आहे, टायर मोठा तर एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते आणि मीटर कमी मोजतं. 205/60 ने खरे 45,000 किमी चालवलेत तर जुन्या टायरच्या हिशोबाने साधारण 43,600 दिसतील. म्हणजे अख्ख्या लीजमध्ये 1,400 च्या आसपास, तेही पहिल्या दिवसापासून टाकले असते तर, आणि तुम्ही टायर बदलताय मध्यावर नाहीतर शेवटी. आणि एक गोष्ट कुणी बोलत नाही, नवीन टायरला साधारण 8 मिमी खोल खाचा असतात, त्या झिजून 1.6 वर आल्या की व्यास 13 मिमीने कमी होतो, म्हणजे 2 टक्के, म्हणजे झिजलेल्या टायरवर मीटर आधीच जास्त पळत होतं, ओरिजिनल साइजचा नवीन टायर टाकला तरी तेवढं भरून निघतंच. आणि जे उरलं त्यासाठी स्पीडोमीटर खोटं बोलायला लागतं, काटा 100 वर असताना गाडी आधीपेक्षा 3 किमी जास्त पळते. स्पीडोमीटर मुद्दाम थोडं जास्त दाखवणारं ठेवलेलं असतं ते काट्याने कधी खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये म्हणून, ती सोय तुम्ही खाऊन टाकता. आणि ज्याची गाडी आहे त्याला कमी किलोमीटर दाखवून पैसे वाचवणं ही फसवणूक आहे, याला दुसरा शब्द नाही.

परत देताना फक्त झीज बघतात हे तर मी स्वतः उभा राहून खोटं ठरताना पाहिलंय. तपासायला आलेला माणूस ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचा स्टिकर बघत होता, तिथे साइज आणि हवेचं प्रेशर छापलेलं असतं, मग गुडघ्यावर बसून चारही टायरचे नंबर वाचून लिहून घेतले, खाचांची खोली नंतर मोजली. चारही चाकांसमोर "साइज वेगळी" अशी नोंद झाली आणि चुलतभावाला चार नवीन टायरचे पैसे भरावे लागले, टाकलेले टायर जेमतेम पाच महिने चालले होते. करारात ओळ होती, मूळ साइज आणि दर्जाचेच टायर, लेखी परवानगीशिवाय बदल नाही. त्याने ती वाचलीच नव्हती.

मग साइज कधीच बदलता येत नाही का, तर येते. गाडीच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त साइज दिलेल्या असतात, 16 च्या जोडीला 17 ची वगैरे, त्यातली हवी असेल तर लीज कंपनीला ईमेल करा, साइज, लोडचा आकडा आणि स्पीडचं अक्षर तिघंही लिहून विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा, फोनवरचं "हो चालेल" धरू नका. इन्शुरन्सलाही कळवा. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जात असेल, तर फक्त दोन टायर वेगळ्या साइजचे टाकायचा विचारही नको, पुढच्या मागच्या चाकांचे फेरे जुळत नाहीत आणि मधली गिअर यंत्रणा सतत ताणात राहते.

आणि ज्यांनी आधीच बदललेत आणि मूळचे टायर घरी ठेवलेत त्यांनी ते आज बाहेर काढून बघा. बाजूच्या भिंतीवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याच्या शेवटी चार आकडे असतात, 2321 असेल तर 2021 च्या 23 व्या आठवड्यातला टायर. खाचा मोजा, करारात किती खोली मागितलीय ती बघा, भेगा पडल्या नसतील तर गाडी द्यायच्या आधी तेच परत चढवा.