प्रतिक्रियेला उत्तर: लॅपटॉप दोन्हीकडे आहेच

नमस्कार. पहिला डीजे सेट निवडण्याबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मोकळेपणाने आणि सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देणं बरं वाटेना, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवशिक्याने घरात आहे तो लॅपटॉप आणि त्याला जोडायचा दोन डेकचा (एका वेळी दोन गाणी हाताळणारा) लहान कंट्रोलर एवढ्यावर सुरुवात करावी, असं मी म्हटलं होतं. स्टँडअलोन सेट, म्हणजे लॅपटॉपशिवाय थेट पेनड्राइव्हवरून वाजणारा, नंतर पाहावा. यावर तुमचे आक्षेप चार. क्लबमध्ये लॅपटॉप नसतो, त्यामुळे त्यावर शिकलेला माणूस तिथे गोंधळतो. लॅपटॉप ऐन वेळी दगा देतो. पडद्यावर बघून मिक्स करायची सवय लागली की कान तयार होत नाही. आणि पुढे स्टँडअलोन घ्यायचाच असेल तर दोनदा खर्च कशाला? तुमच्या भाच्याला सेट घ्यायचा आहे आणि माझ्या सल्ल्याने तो चुकीच्या वाटेला लागेल, ही तुमची खरी काळजी आहे.

दगा देण्याचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे तुमचं बरोबर आहे आणि माझ्या लेखात त्याबद्दल एक ओळही नव्हती. लॅपटॉप हे गाणी वाजवण्यासाठी बनवलेलं यंत्र नाही. मागे अपडेट उतरत असतं, अँटीव्हायरस फाइली तपासत असतो, वीज वाचवण्यासाठी विंडोज यूएसबी पोर्ट झोपवू शकते. चार्जर निघाला की प्रोसेसरचा वेग उतरू शकतो. चार्जर लावलेला असेल तर कधी स्पीकरमधून बारीक घरघर सुरू होते, कारण लॅपटॉप आणि साउंड सिस्टिम यांच्या अर्थिंगचं वेटोळं तयार झालेलं असतं. बफरची, म्हणजे वाजवण्याआधी लॅपटॉप आवाजाचा जो तुकडा तयार ठेवतो त्याचीही एक ओढाताण असते. तो 256 सँपलवर (सँपल म्हणजे आवाजाची एक बारीक नोंद) ठेवला तर सेकंदाला 44,100 सँपल या दराने आवाज जेमतेम 6 मिलिसेकंद मागे राहतो, हाताला कळतही नाही. पण लॅपटॉप अशक्त असेल तर तेवढ्या वेळात त्याचं काम उरकत नाही आणि गाण्यात तडतड येते. बफर वाढवला की तडतड थांबते, पण जॉगव्हील (गाणं हाताने पुढेमागे करायची चकती) जड झाल्यासारखं वाटतं. स्टँडअलोनवाल्याला यातलं काहीच बघावं लागत नाही. बटण दाबलं की यंत्र वाजवायला तयार. लोकांसमोर दर आठवड्याला वाजवणाऱ्याला ही निश्चिंती फार मोलाची आहे, हे मी लेखातच लिहायला हवं होतं.

पण माझ्यावर खरोखर नामुष्कीची वेळ आली होती ती पेनड्राइव्हमुळे. पहिल्यांदा क्लबच्या प्लेयरवर वाजवायला गेले तेव्हा माझा नवा, मोठा पेनड्राइव्ह एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेला होता. प्लेयरने तो वाचलाच नाही. आधीच्या डीजेचं शेवटचं गाणं चालू, माझ्या हातात दोन आठवड्यांची तयारी, आणि पडद्यावर एक नाव दिसेना. पर्समध्ये एफएटी32 वर फॉरमॅट केलेला जुना पेनड्राइव्ह होता, त्यात सहा महिन्यांपूर्वीची गाणी होती. त्यावर ती रात्र निभावली. तेव्हापासून मी एकसारखे दोन पेनड्राइव्ह नेते आणि दोन्ही आदल्या दिवशी उघडून बघते. सांगायचं असं की दगा कुठलंही यंत्र देतं. लॅपटॉपची जोखीम मोठी आहे आणि स्टँडअलोनची लहान, एवढाच फरक.

आता क्लबचा मुद्दा. इथे मात्र माझं मत बदललेलं नाही.

क्लबमध्ये आज जी पेनड्राइव्हची पद्धत दिसते ती रुळली पायोनियरच्या सीडीजे-2000 या प्लेयरमुळे. तो 2009 मध्ये आला आणि त्याच्याबरोबर आलं रेकॉर्डबॉक्स. हे रेकॉर्डबॉक्स काय होतं? संगणकावर चालणारा प्रोग्राम. गाणी त्यात घालायची, तो प्रत्येकाचा बीपीएम (मिनिटाला किती ठोके) आणि स्वर काढतो, ठेक्याच्या खुणांची जाळी म्हणजे बीटग्रिड आखतो, आपण त्यावर क्यू पॉइंट (जिथून वाजवायचं त्या जागांच्या खुणा) ठेवायचे, याद्या करायच्या आणि मग सगळं पेनड्राइव्हवर उतरवायचं. म्हणजे ज्या यंत्राला आपण लॅपटॉपमुक्त म्हणतो, त्याच्या रचनेतच लॅपटॉप गृहीत धरलेला आहे. तो फक्त आदल्या रात्रीच्या टेबलावर आहे, बूथमध्ये (डीजे उभा राहतो तिथे) नाही. (2020 च्या सीडीजे-3000 मध्ये तर सीडी घालायला जागाही नाही, नावात मात्र सीडी अजून आहे.)

डेनॉनच्या प्राइम मालिकेतले सेट गाण्याचं विश्लेषण स्वतःच करतात, हे तुम्ही सांगाल आणि ते खरं आहे. तरीही शंभर गाणी ऐकून वेगळी काढणं, चुकलेली नावं दुरुस्त करणं, कुठलं सुरुवातीचं आणि कुठलं भर रंगात आल्यावरचं हे ठरवून याद्या लावणं, हे काम की-बोर्ड आणि मोठ्या पडद्याशिवाय फार कंटाळवाणं होतं. आणि नवशिक्याचा अर्ध्याहून जास्त वेळ याच कामात जावा असं मला वाटतं. आपली गाणी ज्याला आतून माहीत आहेत तो कुठल्याही यंत्रावर सावरतो. कुठल्या गाण्यात गायन कितव्या मात्रेला सुरू होतं, तबकडीसारखं फिरवून ते समेवर कुठे आणायचं, खालचा बास कधी काढून घ्यायचा, हे बूथमध्ये शोधत बसता येत नाही.

क्लबचे लोक लॅपटॉप चालवूनच घेत नाहीत, हेही तितकंसं बरोबर नाही. सेराटो स्क्रॅच लाइव्ह 2004 मध्ये आलं, तेव्हापासून खास खुणा कोरलेल्या तबकड्या टर्नटेबलवर ठेवून लॅपटॉपमधली गाणी हाताळणारे डीजे, विशेषतः हिप-हॉपचे आणि स्क्रॅच करणारे, बूथमध्ये लॅपटॉप घेऊनच उभे आहेत. त्यांना डीजे न म्हणण्याची हिंमत मला तरी होणार नाही.

राहिला कानाचा प्रश्न. मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो हाच, आणि तुम्हीही तळमळीने लिहिलंय. पण दोष लॅपटॉपचा नाही. दोन गाण्यांचा वेग आपोआप जुळवणारं सिंकचं बटण खुद्द सीडीजेवर 2012 च्या सीडीजे-2000 नेक्ससपासून आहे. एक्सडीजे-आरएक्स3 किंवा प्राइम 4 या स्टँडअलोन सेटांचा पडदा दहा इंचांचा आहे आणि त्यावर दोन्ही गाण्यांच्या आवाजाच्या लाटा एकाखाली एक सरकताना दिसतात. स्टँडअलोन घेतला म्हणून डोळे मिटत नाहीत. कान तयार होतो तो मुद्दाम अंधारात सराव केल्यावर.

मी शिकवते तेव्हा एकच गोष्ट करून घेते. सिंक बंद. लाटा आणि बीपीएमचे आकडे यांवर कागद चिकटवायचा. साधारण 128 बीपीएमची दोन गाणी घ्यायची, दुसरं हेडफोनमध्ये ऐकून समेवर सोडायचं आणि 64 ठोके सांभाळायचं. म्हणजे फक्त अर्धा मिनिट. वेगात 0.1 बीपीएमचा फरक राहिला तर अर्ध्या मिनिटात गाणी 23 मिलिसेकंद सरकतात. किक, म्हणजे ड्रमचा जड ठोका, किंचित पोकळ ऐकू येते, पण सरावाशिवाय कळत नाही. फरक 0.3 चा असेल तर तेवढ्याच वेळात 70 मिलिसेकंद, आणि मग दोन किक सरळ वेगळ्या वाजतात, घोडा दौडल्यासारख्या. कुठलं गाणं पुढे पळतंय हे ओळखणं सर्वांत अवघड. पहिले काही दिवस जवळजवळ सगळेच उलट दिशेला ढकलतात आणि वैतागतात. मग एके दिवशी हात आपोआप बरोबर जातो. तो दिवस लहान कंट्रोलरवरही येतो, मी अनेकांचा पाहिला आहे.

इथे एक गोष्ट तुमच्या बाजूने. लहान कंट्रोलरचा वेगाचा फेडर (सरकवायची दांडी) आखूड असतो; सीडीजेचा 100 मिलिमीटरचा. आखूड फेडरवर 0.1 इतकं बारीक सरकवायला बोट फार हलकं लागतं, आणि जॉगव्हीलही छोटं असल्याने ढकलण्याचा अंदाज वेगळा बसतो. म्हणून क्लबमध्ये वाजवायची वेळ येण्याआधी दोनचार तास पूर्ण आकाराच्या प्लेयरवर हात फिरवून घ्यायलाच हवा. तासावर भाड्याने मिळणारा सराव स्टुडिओ त्यासाठी पुरतो. त्याच्यासाठी पूर्ण सेट विकत घ्यायची गरज मला दिसत नाही. बाकी मांडणी ओळखीचीच निघते. डीडीजे-एफएलएक्स4 सारख्या कंट्रोलरवर गेन (गाण्याच्या आवाजाची मूळ पातळी), तीन पट्ट्यांचा इक्यू (बास, मधले आणि वरचे सूर कमीजास्त करायचा), हेडफोनमध्ये ऐकायचं क्यूचं बटण हे सगळं मोठ्या मिक्सरच्याच क्रमाने आहे. गेन लावून दोन्ही गाण्यांचे दिवे सारख्या उंचीवर आणणं आणि लाल दिव्याच्या खाली राहणं ही सवय तर तिथेच लागते. क्लबमध्ये गोंधळलेले नवखे मी पाहिले आहेत. त्यांतल्या बहुतेकांचं बटणांवाचून अडलं नव्हतं, गेनची सवय नसल्याने अडलं होतं.

दोनदा खर्चाबद्दल थोडंच. पहिल्या वर्षी माणसाला आपण काय वाजवणार हेच माहीत नसतं. स्क्रॅचिंगची ओढ लागली तर टर्नटेबल हवं होईल, लांब हाउस सेट आवडू लागले तर स्टँडअलोन, चार चॅनेल लागतील की दोन पुरतील तेही तेव्हाच कळेल. आज कितीतरी पट मोठी रक्कम घालून घेतलेला सेट उद्या त्याला नको असलेला निघू शकतो. शिवाय एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये लावलेले क्यू पॉइंट दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर तसेच येतील याची खात्री नसते, म्हणून घाईने घर बांधू नये.

तरी काही जणांनी थेट स्टँडअलोनच घ्यावा, हे आता मूळ लेखात जोडते आहे. ज्याच्याकडे लॅपटॉप अगदी जुना आहे किंवा घरात तिघांत एकच आहे. जो दिवसभर पडद्यासमोर काम करतो आणि संध्याकाळी पुन्हा तोच पडदा उघडायच्या कल्पनेनेच सरावाला बसत नाही. आणि ज्याला पहिल्या महिन्यापासून बाहेर कार्यक्रम आहेत. लहान कंट्रोलरच्या मागे बहुधा फक्त आरसीएचं आउटपुट असतं. मोठ्या साउंड सिस्टिमला बहुधा एक्सएलआर ही वेगळी जोडणी लागते, आणि ती सोय स्टँडअलोन सेटवर सहसा असते.

तुमच्या भाच्याबद्दल. त्याचा लॅपटॉप कोणता आणि किती जुना, हे तुम्ही लिहिलं नाहीत. काहीही विकत घेण्याआधी त्याला ‘मिक्स’ हा मुक्तस्रोत प्रोग्राम उतरवून घ्यायला सांगा (स्पेलिंगात शेवटी तीन एक्स आहेत). तो फुकट आहे, कंट्रोलरशिवायही चालतो. बफर 256 सँपलवर (सुमारे 6 मिलिसेकंद) ठेवून, वायफाय बंद करून त्याने सलग दोन तास दोन डेकवर गाणी वाजवावीत, आणि रोज असं पंधरा दिवस. तडतड आली नाही आणि पंधराव्या दिवशीही तो आपणहून बसला, तर लहान कंट्रोलर घ्या. तडतड येत असेल आणि लॅपटॉप बदलायचाच असेल, तर त्या पैशांत वापरलेला स्टँडअलोन बसतो का ते आधी बघा. घेताना दोन्ही यूएसबी पोर्टांत आपला पेनड्राइव्ह लावून पाहा, फेडर हळूहळू वर नेताना खरखर येते का ते हेडफोनमध्ये ऐका, आणि प्ले-क्यूची बटणं प्रत्येकी वीसदा दाबून पाहा. काय निघालं ते मला नक्की कळवा.