नऊ नंबरवाला पुढे नव्हताच

मेस्सी मधून मागे सरकायला लागला तेव्हा ‘फॉल्स नाइन’चा, म्हणजे पुढे न थांबता मिडफिल्डमध्ये खाली येणाऱ्या 9 नंबरच्या स्ट्रायकरचा, शोध बार्सिलोनात लागला असं ज्यांना वाटतं, त्यांनी नांदोर हिदेग्कुतीकडे बघावं. हंगेरीचा, एमटीके बुडापेस्ट क्लबचा. 69 आंतरराष्ट्रीय सामने, 39 गोल. पण गोल हा इथे दुय्यम मुद्दा. तो उभा कुठे राहायचा ते बघा.

त्या काळी बहुतेक संघ डब्ल्यूएम रचनेत (तीन बचावपटू, दोन हाफ, दोन इनसाइड फॉरवर्ड, तीन पुढचे) खेळत आणि मार्किंग पाठीवरचा नंबर बघून होई. समोरच्या 9ला आपला 5, म्हणजे बचावाच्या मधला सेंटर हाफ, धरणार. 8 आणि 10 या इनसाइड फॉरवर्डना मिडफिल्डमधले दोन विंग हाफ. 25 नोव्हेंबर 1953ला वेम्बलीवर हिदेग्कुती 9 नंबर घालून थेट मिडफिल्डमध्ये उतरला आणि इंग्लंडचा सेंटर हाफ हॅरी जॉन्स्टनची पंचाईत झाली. त्याच्या मागे जावं, तर बॉक्ससमोर भगदाड पडतं आणि हंगेरीचे इनसाइड फॉरवर्ड पुश्काश, कोचिश त्यात घुसतात. जागेवर थांबावं, तर हा मोकळा, चेंडू घेऊन वळायला हवा तेवढा वेळ. पहिल्याच मिनिटात त्याने बॉक्सच्या कडेवरून गोल मारला. पुढे हॅटट्रिक, आणि हंगेरी 6-3 जिंकली. लोकांना आठवतो तो पुश्काशने तळव्याने चेंडू मागे ओढून इंग्लंडचा कॅप्टन बिली राइटला चकवलं तो गोल. सुंदरच आहे. पण ती जागा रिकामी केली कुणी?

कल्पना हिदेग्कुतीची नव्हती, हेही कबूल करायला हवं. एमटीकेचे कोच मार्तोन बुकोवी यांनी ती आधीच वापरली होती आणि राष्ट्रीय संघात पालोताश ही भूमिका करत होता. सप्टेंबर 1952मध्ये बर्नला स्वित्झर्लंडविरुद्ध 0-2 पिछाडीवर असताना हिदेग्कुती त्याच्या जागी आला, हंगेरी 4-2 जिंकली, आणि जागा त्याचीच झाली. तेव्हा वय तिशीत!

नुसता 9 मागे घेऊन भागत नाही. मँचेस्टर सिटीने 1954मध्ये डॉन रेव्हीला तसंच खेळवलं आणि पहिल्याच सामन्यात प्रेस्टनकडून 0-5 मार खाल्ला. 9 खाली आला की दोन्ही इनसाइड फॉरवर्डनी त्याच क्षणी रिकाम्या जागेत धावायला हवं, नाहीतर पुढे कुणीच उरत नाही. शिवाय त्याला चेंडू पुरवणारा पासर मागे लागतो. हंगेरीकडे तो बोझिक होता, आणि त्याचा जोडीदार हाफ झकारियाश बचावात सरकायचा म्हणून बोझिक मोकळा.

तोड निघाली 1954च्या वर्ल्डकप फायनलला. पश्चिम जर्मनीचे कोच हेर्बेर्गर यांनी सेंटर हाफला हलवलंच नाही. हिदेग्कुतीवर हाफबॅक होर्स्ट एकेल सोडला, तो जाईल तिथे. तरी हिदेग्कुतीचा एक फटका खांबाला लागला. जर्मनी 3-2. पाऊस, चिखल, पुश्काशचा दुखरा घोटा ही कारणं सगळे सांगतात. एकेलचं नाव क्वचितच कुणी घेतं.