एज ५४० आणि एक्स्ट्रा ३३० एससी यांच्या तुलनेबाबत खुलासा

एज ५४० आणि एक्स्ट्रा ३३० एससी ही हवाई कसरतींची छोटी विमाने आहेत, तर रेड बुल एअर रेस ही ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पार करण्याची विमानांची शर्यत होती. ‘रेड बुल एअर रेसमध्ये एज ५४० विमानाचे इंजिन सर्वांत शक्तिशाली होते, म्हणून ते जिंकले आणि म्हणूनच कसरतींसाठीही तेच सर्वोत्तम’ असा दावा सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे.

२०१४ पासून त्या शर्यतीच्या मुख्य गटात सर्वांना एकाच प्रकारचे लायकमिंग कंपनीचे इंजिन आणि हार्टझेल कंपनीचा तीन पात्यांचा पंखा (प्रोपेलर) सक्तीचा होता. त्याच वर्षी वैमानिक नायजेल लॅम्ब एमएक्सएस-आर विमानावर विजेते ठरले. २०१५ ते २०१९ या काळात मात्र एज ५४० वापरणारे वैमानिकच जिंकले. इंजिन समान असताना फरक पडतो तो वजन, हवेचा अवरोध, इंजिन थंड ठेवण्याची व्यवस्था आणि अर्थातच वैमानिकाचे कसब यांमुळे.

हवाई कसरतींच्या स्पर्धेत मात्र शर्यतीसारखे घड्याळ नसते. साधारण १,००० मीटर बाजूच्या हवेतील ठरावीक हद्दीत विमानाने काढलेल्या प्रत्येक आकृतीला जमिनीवरील परीक्षक १० पैकी गुण देतात आणि दर ५ अंशांच्या चुकीला एक गुण कापतात. तेथे एक्स्ट्रा ३३० एससीसारखे विमान पसंत केले जाते, कारण वेगाने फिरणारे विमान नेमक्या कोनात थांबवता येणे हेच तेथे निर्णायक असते.