धायरीच्या कंपाउंड वॉलच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर, तुम्ही एक स्टार दिलात आणि लिहिलंत की भिंत उघडी टाकून गेलो, पहिल्याच पावसात माल (विटांमधलं सिमेंट-वाळूचं मिश्रण) वाहून गेला, फोन उचलला नाही. फोनचं खरंय. त्या रात्री दुसऱ्या साइटवर ताजा स्लॅब झाकत होतो, तरी उचलायला हवा होता, त्याबद्दल माफी मागतो.

पण भिंत उघडी टाकली असं कृपया लिहू नका. वरचे ५ थर शुक्रवारी संपले, साडेपाचला मी स्वतः दोन ताडपत्र्या टाकल्या, दोन्ही अंगांना दोन-दोन फूट खाली सोडल्या आणि वर विटा ठेवल्या, कारण मे महिन्यातला वळीव आधी वारा घेऊन येतो. साडेसातला पाऊस आला. शनिवारी तुमच्याकडे वास्तुशांत, सकाळी येऊन बघतो तर एक ताडपत्री आचाऱ्याच्या भट्टीवर बांधलेली आणि भिंतीचा नेमका तेवढाच भाग धुतला गेलेला. ती ताडपत्री माझ्याकडे आहे, हळदीचे डाग अजून गेले नाहीत. घरात कार्य होतं, पाहुणे होते, म्हणून तेव्हा काही बोललो नाही.

तुम्ही असंही लिहिलंय की क्युरिंगला, म्हणजे सिमेंट पक्कं व्हायला, पाणी मारायला सांगतात मग पावसाने काय बिघडतं. सर, पाणी आपण माल धरल्यावर मारतो, दुसऱ्या दिवसापासून, मग ७ दिवस भिंत भिजवायचीच असते. दोन तासांच्या ओल्या मालावर जोराची सर आली तर सांध्यातलं सिमेंट धुऊन जातं आणि नुसती वाळू उरते, तुमच्यासमोरच बोट लावलं तर भुरभुर पडत होती. माल १:६ चाच होता, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, सिमेंट कमी टाकलेलं नाही. तेवढा भाग रविवारी उतरवून परत बांधून दिला, मजुरी आमची, सिमेंट आमचं, एक रुपया घेतला नाही, ते मात्र रिव्ह्यूत कुठेच नाही.

आणि भिंतीवर पांढरे डाग आले म्हणून वीट खराब होत नाही, आतले क्षार ओलाव्याबरोबर बाहेर येतात. वाळल्यावर कोरड्या ब्रशने झाडा, पाण्याने धुऊ नका. प्लास्टर थांबवा म्हणालो ते त्याचसाठी, काम टाळायला नाही.

२२ वर्षं हेच काम करतोय, वडीलही गवंडीच. हा रिव्ह्यू वाचून परवा एका पार्टीने ठरलेलं काम थांबवलं. यापुढे झाकलेल्या भिंतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपला टाकत जाऊ, रात्री फोनला माणूस ठेवायचंही बघतो. भिंत वाळली की कळवा सर, प्लास्टरला मी स्वतः येतो.